चेहऱ्यावरचा न हटणारा पुरळ आणि बांधावरचं गाजर गवत

मृगाचा पाऊस पडून महिना उलटला की बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या वाड्यांत गाजर गवत कमरेएवढं होतं आणि त्याला बारीक पांढरी फुलं धरतात. त्याच दिवसांत काही लोकांच्या वरच्या पापण्या सुजतात, कानामागे खाज सुटते, मान लाल होऊन तडकते. मेडिकलमधून एक ट्यूब येते, चार दिवस आराम पडतो, मग पुन्हा तेच. थंडी पडली की जरा निवळतं आणि पुढच्या पावसाळ्यात नव्यानं सुरू होतं. असं तीन-चार वर्षं चाललं की मग थंडीतही चेहरा बरा होत नाही. घरचे म्हणतात उष्णता आहे, कुणी म्हणतं रक्त बिघडलंय, कुणी फवारणीच्या औषधाला दोष देतं. वांगं बंद होतं, अंडी बंद होतात, शेंगदाणे बंद होतात. खरं कारण मात्र उंबऱ्यापासून दहा पावलांवर वाढत असतं.

या गवताचं शास्त्रीय नाव पार्थेनियम. पानं गाजराच्या पानांसारखी म्हणून गाजर गवत. काँग्रेस गवत, चटक चांदणी ही त्याचीच नावं. मूळचं ते अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास, आणि अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एक झाड हजारो बिया टाकतं, उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येतं आणि ओल मिळाली तर वर्षभर उगवत राहतं. त्यामुळे त्रासही हळूहळू बारमाही होतो.

त्वचेला बाधतं ते या झाडातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य. पानांवर आणि खोडावर बारीक लव असते, त्या लवेत ते भरलेलं असतं. फुलांत आणि परागांतही असतं. झाड वाळलं की ही लव आणि पानांचा चुरा धुळीत मिसळतो आणि वाऱ्यानं उडतो. म्हणून हात न लावताही चेहऱ्यावर पुरळ येतो, आणि म्हणूनच वाळलेलं गवत निरुपद्रवी नसतं. उपटून बांधावर वाळत टाकलेला ढीग हिरव्या झाडाइतकाच त्रास देतो. जाळला तर धुराबरोबर ते कण आणखी दूर जातात. ज्यांना ही ॲलर्जी आहे त्यांनी त्या धुराच्या आसपासही फिरकू नये.

ही ॲलर्जी पहिल्याच वर्षी होत नाही. शरीर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं ते द्रव्य सहन करतं आणि मग एक दिवस ओळखायला लागतं. "जन्मभर याच शेतात राबलो, आजवर काही झालं नाही" हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. उलट चाळिशी-पन्नाशीतल्या, उघड्यावर राबणाऱ्या पुरुषांतच हा आजार जास्त दिसतो. एकदा ओळख पटली की संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांत पुरळ उठतो. हा मधला वेळच माणसाला चकवतो. सोमवारी निंदणी केली, बुधवारी चेहरा सुजला, तर दोष मंगळवारी खाल्लेल्या मासळीवर जातो.

आता पुरळ नेमका कुठे आहे ते बघा, कारण अर्धं निदान तिथेच होतं. हवेतली धूळ जिथे साठते तिथे तो आधी येतो: वरच्या पापण्या, नाकाच्या बाजूच्या घड्या, कानामागची खाच, हनुवटीखालचा भाग, मानेच्या वळ्या, कोपराच्या आतली आणि गुडघ्यामागची घडी. निव्वळ उन्हानं होणारा पुरळ नेमक्या याच जागा सोडतो, कारण पापणीवर भुवईची, हनुवटीखाली जबड्याची, कानामागे कानाची सावली असते. आरशासमोर मान वर करून हनुवटीखाली बघा, कान पुढे दुमडून मागे बघा. तिथेही तितकाच लाल असेल तर हवेतून येणाऱ्या कारणाचा संशय घ्यावा. जुन्या आजारात मात्र हा फरक पुसट होतो. त्वचा उन्हालाही सोसेनाशी होते आणि कपाळ, गाल, मानेचा मागचा भाग, हाताची पाठ जाड, काळपट आणि चरे पडल्यासारखी होते.

चेहऱ्यावर दिसायला जवळचे बरेच आजार आहेत, त्यांतले नेहमी गल्लत होणारे एवढेच सांगतो. भुवया, नाकाच्या कडा आणि डोक्यात तेलकट पिवळसर खवले असतील तर तो बहुधा कोंड्याच्या जातीचा त्वचादाह असतो. केसांना डाय लावल्यावर एक-दोन दिवसांत केसांची रेघ, कान आणि पापण्या सुजल्या तर डाय बंद करून बघावा. काळ्या मेंदीतही तेच रसायन असू शकतं. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा चट्टा असेल तर टिकलीच्या डिंकाकडे बघावं. कडेला उठावदार कडी असलेला गोल चट्टा नायट्याचा असतो, पण त्यावर स्टेरॉइड मलम लावलेलं असेल तर ती कडीही ओळखू येत नाही. आणि चट्टा खाजतच नाही, उलट बधिर वाटतो, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, तर गाजर गवताचा विचार सोडून थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. कुष्ठरोग वेळेत ओळखला तर औषधांनी पूर्ण बरा होतो.

खात्री करायची पद्धत म्हणजे पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या डब्या चिकटपट्टीनं लावतात, त्यांत वेगवेगळी ॲलर्जीकारक द्रव्यं असतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित संचात पार्थेनियम असतंच. पट्ट्या ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा बघतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. दुसऱ्या बघण्याला न जाणं ही नेहमीची चूक आहे. उशिरा उमटणारी प्रतिक्रिया त्यात हुकते आणि "टेस्ट निगेटिव्ह आली" असा कागद हातात पडतो. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. आदल्या एक-दोन आठवड्यांत पाठीवर स्टेरॉइड मलम लावलेलं नसावं, आणि पोटातून स्टेरॉइड गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावं, नाहीतर निकाल खोटा येतो. पुरळ जोरात असताना टेस्ट करत नाहीत. आधी तो शमवतात. रक्ताच्या महागड्या ॲलर्जी तपासण्यांतून या आजाराचं निदान होत नाही, कारण त्या तपासण्या वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीसाठी असतात. तो खर्च वाचवावा. आणि घरच्या घरी पान चुरडून हातावर घासून बघण्याचा प्रयोग तर अजिबात करू नये. फोड येतात, आणि ज्याला ॲलर्जी नाही त्यालाही ती जडण्याची शक्यता वाढते.

ट्यूबविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण गवतानं होतं त्याहून कायमचं नुकसान पुष्कळदा ट्यूबनं होतं. खाजेवर, नायट्यावर, "सगळ्यावर चालतं" म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच मलमांत तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि एक जोरकस स्टेरॉइड. आराम पडतो तो स्टेरॉइडमुळे. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव आहे का ते वाचा. क्लोबेटासोल हे यांतलं सर्वांत जहाल. ते तळपायाच्या किंवा तळहाताच्या जाड कातडीसाठी ठीक आहे, पापणीसाठी नाही. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल नसांची जाळी दिसू लागते, मुरमं येतात, गालावर लव वाढते, ऊन आणि चुलीची धग सोसत नाही. पापण्यांजवळ बराच काळ वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण ट्यूबचं नाव सांगून ती आणणं काही थांबलेलं नाही.

अशी ट्यूब अनेक महिने लावत असाल आणि आता सोडायची असेल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी: सोडल्यावर काही दिवसांतच चेहरा पूर्वीपेक्षा जास्त लाल होईल, जळजळेल, बारीक पुळ्या उठतील. मूळ रोग वाढल्यामुळे नव्हे, तर त्वचेला स्टेरॉइडची सवय लागल्यामुळे हे होतं. इथेच बहुतेक जण घाबरून पुन्हा ट्यूब उचलतात आणि फेरा सुरू राहतो. डॉक्टर सहसा जहाल मलम काढून सौम्य देतात, ते रोजचं दिवसाआड करतात, मग बंद करतात, आणि मधल्या काळासाठी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम जोडतात. टॅक्रोलिमस ०.०३ किंवा ०.१ टक्के अशा दोन ताकदींत मिळतं. पहिले चार-पाच दिवस लावल्यावर आग होते, म्हणून लोक ते "सोसत नाही" असं ठरवून टाकून देतात. तोंड धुतल्यावर लगेच न लावता वीस मिनिटं थांबून, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावलं की आग कमी होते आणि आठवड्याभरात बहुतेकांना ती जाणवेनाशी होते. कातडी पातळ न करणारं म्हणून पापण्या आणि मानेसाठी हे मलम मोलाचं आहे.

पुरळ भडकलेला असताना, पाणी सुटत असताना, मलमापेक्षा ओल्या पट्ट्या जास्त आराम देतात. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सपाट दोन चमचे मीठ घालायचं, स्वच्छ मऊ सुती कापड त्यात बुडवून, पाणी टपकणार नाही इतपत पिळून चेहऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, वाळत आलं की पुन्हा ओलं करायचं. दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नये. पट्टी काढल्यावर त्वचा ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली पातळ लावावी. सुगंधी, हर्बल, गोरेपणाचं काहीही नको. मलम किती घ्यायचं याचं माप सोपं आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. संपूर्ण चेहरा आणि मान यांना अशा अडीच रेघा पुरतात. पिवळी खपली धरली, पू आला, ताप आला, तर जंतुसंसर्ग झालाय असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

हळद, लिंबू, कच्चं दूध, लसूण, जंतुनाशक द्रव, टूथपेस्ट, यांतलं काहीही सुजलेल्या चेहऱ्याला लावू नये. लसणीनं कातडी भाजते, लिंबाच्या रसावर ऊन पडलं तर काळे डाग पडतात. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी निदान निरुपद्रवी असेल असं वाटतं, पण उघड्या पडलेल्या कातडीवर तेही झोंबतं.

बाहेरून लावण्याच्या औषधांनी भागत नसेल, चेहऱ्याबरोबर हातपायही भरले असतील, तर पोटातली औषधं लागतात. प्रेडनिसोलोन हे पोटातून घ्यायचं स्टेरॉइड तीन-चार दिवसांत चमत्कार करतं. म्हणूनच ते धोक्याचं आहे. थोड्या काळासाठी, उतरत्या मात्रेनं, भडका शमवायला ते ठीक. गावोगाव मिळणाऱ्या "खाजेच्या इंजेक्शनात" बहुधा लांब टिकणारं स्टेरॉइडच असतं, आणि दर महिन्याला ते घेतलं की साखर, रक्तदाब, हाडं सगळ्यांवर परिणाम होतो. काय टोचलं ते लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

दीर्घकाळासाठी भारतात या आजारावर सर्वांत जास्त वापर झाला तो अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा. रोज १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा आठवड्यातून एकदाच ३०० मिलिग्रॅम, अशा दोन्ही पद्धती आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वापरल्या आहेत. मात्रा वजन आणि तपासण्या बघून तेच ठरवतात. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडणं ही इथली नेहमीची चूक. सुरू करण्याआधी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी, मग सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तशी. आपल्याकडच्या काही लोकांच्या शरीरात आनुवंशिक कारणानं हे औषध नीट मोडलं जात नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटतात, आणि अचानक मूठमूठ केस गळणं ही त्याची पहिली खूण असू शकते. केस गळू लागले, तोंड आलं, ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावं. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आवर्जून सांगा. ही दोन औषधं एकत्र जिवावर बेतू शकतात. मेथोट्रेक्सेट हा दुसरा पर्याय आठवड्यातून एकदाच घ्यायचा असतो. चुकून रोज घेतल्यानं मृत्यू ओढवले आहेत, म्हणून गोळीच्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. हे औषध चालू असताना दारू नको, गर्भधारणा नको.

पण गवताचा संपर्क तोडल्याशिवाय ही सगळी औषधं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं. ॲलर्जी आयुष्यभर राहते. पुरळ मात्र दूर ठेवता येतो. शेतावर जाताना पूर्ण बाह्यांचा, गळ्याचं बटण लागणारा, घट्ट विणीचा सुती शर्ट घाला. डोक्याला आणि मानेला उपरणं, पण ते रोज धुतलेलं हवं. कालचंच उपरणं आज तोंडाला गुंडाळलं तर कालची सगळी धूळ घामानं भिजून गालावर चोळली जाते. मोटारसायकलवर पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, काच खाली. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढा, ते घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नका. आधी वाहत्या साध्या पाण्यानं चेहरा, मान, कानामागचा भाग धुवा, मग सौम्य साबण, आणि न घासता टिपून घ्या. संध्याकाळी डोकं धुणं फार महत्त्वाचं. केसांतली धूळ रात्रभर उशीवर उतरते आणि सकाळी पापण्या सुजलेल्या दिसतात. ते रोज जमत नसेल तर निदान उशीचा अभ्रा रोज बदला. धुतलेले कपडे गवत वाढलेल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून वाळत घालू नका. गुरं त्याच गवतातून फिरून येतात, तेव्हा त्यांना खरारा करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. ज्यांची त्वचा उन्हालाही सोसत नाही त्यांनी रुंद काठाची टोपी आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन वापरावं.

एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. गाजर गवत ज्या कुळातलं, त्याच कुळात शेवंती आणि सूर्यफूलही येतात, आणि द्रव्यं मिळतीजुळती असल्यानं त्वचा त्यांनाही ओळखते. गणपतीत आणि दसऱ्याला हार करताना शेवंती हाताळली आणि चेहरा भडकला, असं होऊ शकतं. झेंडूही त्याच कुळातला, तोही जपून. अर्निकाचं केसांचं तेल, कॅमोमाइल किंवा कॅलेंडुला घातलेल्या "नैसर्गिक" क्रीमसुद्धा त्याच कुळातून येतात. गवतापासून सर्व काळजी घेऊनही कपाळ आणि कान शांत होत नसतील तर आधी तेलाची बाटली वाचा.

गवत काढायचं तर ते ॲलर्जी असलेल्यानं स्वतः काढू नये, हातमोजे घालूनही नाही. ते काम घरातल्या दुसऱ्यानं किंवा गड्यानं करावं, त्यानंही पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे आणि तोंडाला कापड वापरावं, कारण आज त्याला ॲलर्जी नसली तरी उद्या होऊ शकते. वेळ फुलं येण्याआधीची, पाऊस पडून माती मऊ असतानाची. तेव्हा मुळासकट उपटून येतं. नुसतं कापलं तर बुंध्यापासून पुन्हा फुटतं. फुलं न आलेली झाडं खड्ड्यात टाकून, वर शेण आणि माती घालून कुजवता येतात. रस्त्याकडेला, कुंपणालगत, जिथे पीक घ्यायचं नाही तिथे १०० लिटर पाण्यात १५ ते २० किलो मीठ विरघळवून उन्हाच्या दिवशी फवारलं की झाडं करपतात. शेतात हे करू नये, जमीन खारवते. पानं कुरतडणारा मेक्सिकन भुंगा भारतात १९८४ मध्ये पहिल्यांदा सोडण्यात आला. पावसाळ्यात तुमच्याकडच्या गवतावर काळ्या पट्ट्यांचे पिवळट भुंगे दिसले तर तिथे फवारणी करू नका. थंडीत ते जमिनीत जातात, म्हणून नुसत्या त्यांच्यावर विसंबून भागत नाही. मोकळ्या जागी पावसाआधी तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी फेकलं तर तो दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही, आणि कोवळा असताना भाजीही होते.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत निर्मूलनासाठी पाळला जातो, पण तोवर आपल्याकडे पहिलं पीक फुलावर आलेलं असतं. ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी पहिली उपटणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, दुसरी पोळ्याच्या आसपास आणि तिसरी परतीचा पाऊस ओसरल्यावर. घराभोवती, विहिरीच्या वाटेवर, गोठ्यामागे आधी. शेताचे बांध नंतर. शेजारच्या पडीक जागेतलं मात्र सोडू नका, वारा तिकडून येत असेल तर ते सर्वांत आधी.